अमेरिकेतल्या पगारातून कापलेले पैसे परत मागता येतात का?

वाचकाचे पत्र

काका, नमस्कार. मी सांगलीची. बाबा तुमचे सदर न चुकता वाचतात, म्हणून तुम्हालाच विचारते आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एमएससाठी टेक्सासला गेले. शिकताना कॅम्पसवरच्या लायब्ररीत तासांवर काम केले. मे २०२३ मध्ये डिग्री मिळाली आणि जुलैपासून ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या नोकरीच्या परवानगीवर) शिकागोजवळच्या एका छोट्या कंपनीत लागले. पगार वर्षाला ७२,००० डॉलर. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागला नाही, इकडे आईची तब्येत बिघडली, म्हणून जुलै २०२५ अखेर नोकरी सोडली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कायमची परत आले.

परवा एका मैत्रिणीकडून कळले की विद्यार्थी व्हिसावर असताना सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (तिकडच्या पेन्शनची आणि आरोग्य विम्याची वर्गणी) कापायचेच नसते. माझ्या कंपनीने तर प्रत्येक पगारातून कापले. २०२२ चे रिटर्न युनिव्हर्सिटीच्या ऑफिसच्या मदतीने भरले होते. २०२३ चे रूममेटने तिच्या सॉफ्टवेअरमधून भरून दिले आणि रिफंडही चांगला आला. २०२४ चे घर बदलण्याच्या गडबडीत राहूनच गेले. आता एका एजंटचे फोन येत आहेत. म्हणतो, सगळे पैसे काढून देतो, पंचवीस टक्के माझे. पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी नंबर आणि तिकडच्या बँकेचे लॉगिन पाठवा. बाबा म्हणतात, गेलेले पैसे गेले, त्या भानगडीत पडू नकोस, पुढे व्हिसाला अडचण येईल. शैक्षणिक कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. काय करू?

– एक वाचक, सांगली


काकांचे उत्तर

अगं, आधी बाबांना सांग की हे पैसे गेलेले नाहीत. ते तुझे आहेत आणि मागण्याची मुदतही अजून शिल्लक आहे. एजंटला मात्र आजच नकार कळव. त्याच्याविषयी पुढे लिहितोच.

आता तुझे डब्ल्यू-२ काढ. दरवर्षी जानेवारीअखेर कंपनी जो पगार आणि कपातीचा कागद देते, तोच. सगळा नको, काही चौकटीच बघ. चौकट १ मध्ये पगार असतो. चौकट २ मध्ये केंद्राचा कापलेला आयकर. चौकट ४ मध्ये सोशल सिक्युरिटी, चौकट ६ मध्ये मेडिकेअर. लायब्ररीतल्या कामाचा डब्ल्यू-२ शेजारी ठेव. त्यात ४ आणि ६ या चौकटी रिकाम्या दिसतील. युनिव्हर्सिटीला नियम माहीत असतो, म्हणून तिने कापले नाही. छोट्या कंपनीत पगार काढणाऱ्या माणसाला तो माहीत नसतो. तो सगळ्यांना एकच बटण दाबतो आणि तुझ्यासारख्या मुलांचे पैसे जातात. दरवर्षी हे होते, आणि बरीच मुले ‘तिकडे असेच असते’ म्हणून गप्प बसतात, याचे मला फार वाईट वाटते.

कपातीचा दर ठरलेला आहे. सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के, मिळून ७.६५. या जोडीला तिकडे फायका म्हणतात. २०२३ च्या सहा महिन्यांत तुझा पगार ३६,००० डॉलर, त्यावर २,७५४ कापले गेले. २०२४ चे ७२,००० वर ५,५०८. २०२५ च्या सात महिन्यांचे ४२,००० वर ३,२१३. एकूण ११,४७५ डॉलर. डॉलर ८५ रुपयांचाच धरला तरी पावणेदहा लाख होतात. कर्जाचे हप्ते चालू असलेल्या घराने एवढी रक्कम सोडून द्यायची नसते.

हे कापायचे का नव्हते, तेही समजून घे, कारण कंपनीशी बोलताना ते तुला ठामपणे सांगावे लागेल. अमेरिकेत करासाठी माणूस रेसिडेंट आहे की नॉन-रेसिडेंट, हे एरवी दिवस मोजून ठरते. १८३ दिवसांची मोजणी म्हणतात ती हीच. पण एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस या मोजणीत धरतच नाहीत. आणि वर्षातला एक दिवस जरी तिथे राहिलीस तरी ते अख्खे वर्ष मोजले जाते. तुझी वर्षे २०२१, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५. बरोबर पाच. म्हणजे परतेपर्यंतच्या सगळ्या काळात तू करापुरती नॉन-रेसिडेंटच होतीस. अशा विद्यार्थ्याने शिक्षणाशी जोडलेल्या परवानगीने केलेल्या नोकरीवर फायका लागत नाही. सीपीटी (शिकत असतानाची नोकरी), ओपीटी, स्टेम ओपीटी (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला मिळणारी वाढीव ओपीटी), तिन्ही त्यात येतात. कायद्यातले कलम ३१२१(बी)(१९). हा आकडा कागदावर लिहून ठेव, लगेच लागणार आहे.

इतर वाचकांसाठी एक सूचना इथेच देतो. ज्यांचा व्हिसा बदलून एच-१बी झाला, त्यांची ही सूट बदलाच्या दिवसापासून संपते. त्यानंतरची कपात योग्यच आहे. आणि ज्यांनी बारावीनंतरच तिकडे जाऊन पदवी घेतली आणि मग एमएस केले, त्यांची पाच वर्षे बहुधा नोकरी लागण्याआधीच भरलेली असतात. त्यांनी तुझा हिशेब आपल्याला लावू नये.

आता तुझ्या पत्रातली जी गोष्ट तुला किरकोळ वाटते आणि मला सगळ्यात जास्त खटकते, तिच्याकडे येतो. रूममेटने भरलेले २०२३ चे रिटर्न.

घरोघरी वापरली जाणारी साधी सॉफ्टवेअर फॉर्म १०४० भरतात. तो रेसिडेंट लोकांचा फॉर्म. तुझा फॉर्म १०४०-एनआर, आणि त्याच्याबरोबर ८८४३, ज्यात तू ‘मी विद्यार्थी आहे, माझे दिवस मोजू नका’ असे सांगतेस. रूममेटने चांगल्या मनाने मदत केली असेल, पण तिने सरकारला तुझ्या सहीने सांगितले की तू रेसिडेंट आहेस. आता तूच त्याच सरकारकडे अर्ज करणार की २०२३ मध्ये मी नॉन-रेसिडेंट होते, माझा फायका परत द्या. एकाच वर्षाचे, एकाच माणसाचे दोन कागद एकमेकांना खोटे पाडतील. तो दावा उभाच राहणार नाही. म्हणून पैसे मागण्याआधी हे रिटर्न दुरुस्त करायचे. हा क्रम मोडू नकोस.

दुरुस्ती फॉर्म १०४०-एक्सवर होते. त्यात कारण लिहायचे की चुकीचा फॉर्म भरला गेला, मी नॉन-रेसिडेंट विद्यार्थी होते; आणि सोबत बरोबर भरलेला २०२३ चा १०४०-एनआर व ८८४३ जोडायचा.

यात थोडे पैसे द्यावे लागतील, ते आधीच सांगतो. रिफंड चांगला आला असे तू लिहितेस. बहुतेक रूममेटच्या सॉफ्टवेअरने तुझ्या फीवर शिक्षणाचे क्रेडिट (करातून थेट सूट) घेतले असणार. मास्टर्सच्या विद्यार्थ्याला मिळणारे ते क्रेडिट जास्तीत जास्त २,००० डॉलरचे असते, आणि वर्षभर नॉन-रेसिडेंट असलेल्याला ते घेताच येत नाही. भरलेल्या रिटर्नची प्रत काढून बघ. क्रेडिट घेतलेले असेल तर ती रक्कम व्याजासह परत करावी लागेल. या काळात आयआरएसचा (अमेरिकेच्या आयकर खात्याचा) व्याजदर सात-आठ टक्के राहिला आहे. सरकारची नोटीस यायच्या आत स्वतःहून केलेल्या दुरुस्तीकडे वेगळ्या नजरेने बघितले जाते. घरात कुणी म्हणेल की ते कुणाच्या लक्षात आलेले नाही, कशाला उकरून काढायचे. ऐकू नकोस. दोन हजार लपवायला गेलीस तर अकरा हजारांचा दावा डळमळतो. आणि तसे नसते तरी मी हेच सांगितले असते, कारण ते पैसे तुझे नव्हते.

हे दुरुस्तीचे कागद तयार झाले की कंपनीकडे वळ. फायका आधी कंपनीकडेच मागायचा, थेट सरकारकडे नाही. नियमच तसा आहे आणि तुझ्या फायद्याचाही आहे. पगार विभागाला ई-मेल लिही. संकोच नको, ताकाला जाऊन भांडे लपवू नये. मी एफ-१ व्हिसावर होते, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ओपीटीवर काम केले, पाचही वर्षे नॉन-रेसिडेंट होते, कलम ३१२१(बी)(१९) प्रमाणे माझ्या पगाराला फायका लागू नव्हता, तिन्ही वर्षांची रक्कम परत करावी आणि दुरुस्त डब्ल्यू-२सी द्यावा. एवढेच, सरळ भाषेत. सोबत आय-२० (युनिव्हर्सिटीने दिलेला विद्यार्थी असल्याचा कागद), ओपीटीचे कार्ड आणि डब्ल्यू-२ च्या प्रती.

आणि त्या ई-मेलमध्ये एक वाक्य आवर्जून घाल. तुझ्या पगारातून जितका फायका कापला गेला, तितकाच कंपनीने आपल्या खिशातूनही भरला आहे. त्यांनी ९४१-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरला तर तुझ्या ११,४७५ बरोबर त्यांचेही तेवढेच परत येतात. छोट्या कंपनीच्या मालकाला हा आकडा दिसला की पगार विभागाला वेळ सापडतो. मागच्या वर्षांसाठी ते तुझ्याकडून एक लेखी निवेदन मागतील, की मी हे पैसे सरकारकडे वेगळे मागितलेले नाहीत आणि मागणार नाही. ते सही करून दे आणि शब्द पाळ. कंपनी पैसे देत असताना दुसरीकडे अर्ज टाकायचा नाही.

कंपनीने नाही म्हटले, किंवा तीन-चार आठवड्यांत दोनदा आठवण करूनही उत्तर आले नाही, तर सरकारकडे परतावा मागण्याचा फॉर्म ८४३ आणि त्याच्या जोडीला ८३१६ भरायचा. ८३१६ मध्ये विचारतात की कंपनीने किती परत केले. कंपनीचे तसे पत्र मिळाले तर जोड. देत नसतील तर मी केव्हा मागितले आणि काय झाले ते स्वतःच्या सहीने लिही, ई-मेलच्या प्रतींसह. म्हणून सांगतो, फोनवर बोलणी करू नकोस, सगळे लेखी असू दे. प्रत्येक वर्षाचा ८४३ वेगळा. प्रत्येकाला त्या वर्षाचा डब्ल्यू-२, पासपोर्टचे पहिले पान, व्हिसाचे पान, आय-९४, ओपीटीची नोंद असलेला आय-२० आणि ओपीटीचे कार्ड. आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) हाताशी नसेल तर सीबीपी या तिथल्या सीमा खात्याच्या साइटवर पासपोर्ट नंबर टाकून मिळतो. त्या वर्षाच्या १०४०-एनआरची प्रतही मी जोडायला सांगतो, म्हणजे तपासणाऱ्याला तुझा दर्जा वेगळा शोधावा लागत नाही. हे कागद शाईने सही करून युटा राज्यातल्या ऑग्डेनच्या केंद्राला जातात. पत्ता आयआरएसच्या प्रकाशन ५१९ मध्ये छापलेला आहे. कुरिअरने पाठवणार असशील तर कुरिअरसाठी आयआरएसचे पत्ते वेगळे असतात, ते त्यांच्या साइटवरून घे. मग वाट बघायची. काही महिने सहज जातात, घाबरू नकोस आणि दुसरा अर्जही टाकू नकोस.

मुदत अशी: २०२३ च्या फायकासाठी १५ एप्रिल २०२७, २०२४ साठी १५ एप्रिल २०२८, २०२५ साठी १५ एप्रिल २०२९. २०२३ चा अर्ज सगळ्यात आधी कर. इथून टपाल पोचायला लागणारा वेळ धरून शेवटच्या महिन्यावर काही ठेवू नकोस.

फायका झाला. पण आयकरातही तुझे पैसे अडकलेले आहेत, आणि त्याकडे तुझे लक्षच गेलेले नाही. २०२४ चे रिटर्न राहिले म्हणून तू घाबरली आहेस. वास्तविक त्यात तुला देणे नसून घेणे आहे, आणि परतावा निघत असेल तर उशिरा भरण्याचा केंद्राचा दंड लागत नाही.

परतावा कशामुळे निघतो? नॉन-रेसिडेंट माणसाला स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, हा सर्वसाधारण नियम. भारतीय विद्यार्थी त्याला अपवाद आहेत. भारत आणि अमेरिकेत १९८९ मध्ये झालेल्या कर कराराच्या कलम २१ मुळे आपल्या विद्यार्थ्याला तिथल्या रहिवाशासारखीच ही वजावट घेता येते. बहुतेक देशांच्या मुलांना ही सवलत नाही. २०२४ साठी ती १४,६०० डॉलर होती. ७२,००० मधून ती वजा केली की ५७,४०० उरतात, आणि त्यावर कर होतो ७,६८१. कंपनीने वजावट न धरता कापला असेल तर चौकट २ मध्ये १०,९०० च्या आसपास आकडा दिसेल. फरक ३,२०० डॉलरचा, तो तुझा. १०४०-एनआर भरताना वजावटीच्या ओळीशेजारी ती भारत-अमेरिका करारानुसार घेतली आहे अशी नोंद करायची असते. साधे सॉफ्टवेअर हे करत नाही. विदेशी विद्यार्थ्यांसाठीचे, स्प्रिंटॅक्ससारखे, करते. काही युनिव्हर्सिटी माजी विद्यार्थ्यांनाही त्याचा कोड देतात. तुझ्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला एक ओळ लिहून विचार. २०२४ चा परतावा एरवी १५ एप्रिल २०२८ पर्यंत मागता येतो, पण नॉन-रेसिडेंटला वजावट हवी असेल तर रिटर्न मूळ तारखेपासून सोळा महिन्यांच्या आत, म्हणजे १५ ऑगस्ट २०२६ पर्यंत भरावे लागते, म्हणून बसून राहू नकोस. फायकाच्या अर्जाला याच रिटर्नचा आधार लागणार आहे.

२०२५ मध्ये तर आणखी मिळेल. कंपनी दर महिन्याला कर कापते तो तू वर्षभर तिथेच कमावणार असे धरून. तू सात महिन्यांनी सोडलेस. म्हणजे कापला गेला ७२,००० च्या दराने आणि कमाई झाली ४२,०००. त्यात २०२५ ची वजावट १५,७५० झाली. उरले २६,२५०, त्यावर कर सुमारे २,९१० डॉलर. कापलेला सहा हजारांवर असणार. तीन हजारांहून जास्त परत येतील. नोकरी अर्ध्यावर सोडून परतलेल्या प्रत्येकाने हे रिटर्न भरलेच पाहिजे, आणि नेमके तेच सामान बांधण्याच्या धावपळीत राहते. याची शेवटची तारीख १५ एप्रिल २०२६.

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. इलिनॉयमध्ये आहे, सरसकट ४.९५ टक्के. २०२४ चे आणि २०२५ चे इलिनॉयचे रिटर्नही भरून टाक. त्यात फार काही परत येणार नाही, पण राहिलेले बरे नाही. २०२३ ची केंद्राची दुरुस्ती केलीस की राज्याचा त्या वर्षाचा कागदही एकदा ताडून बघ.

तिकडचे बँक खाते बंद केले नसशील अशी आशा आहे. केले नसेल तर करू नकोस, खात्यावर किमान रक्कम ठेव आणि मोबाइल नंबर व पत्ता बदलून घे. आयआरएस परतावा थेट भारतातल्या खात्यात जमा करत नाही. पूर्वी चेक यायचा. ३० सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक परताव्याचे कागदी चेक टप्प्याटप्प्याने बंद करायला त्यांनी सुरुवात केली आहे. आणि डॉलरचा चेक सांगलीच्या शाखेत वटवायला गेलीस तर काउंटरवरचा माणूसच बुचकळ्यात पडेल. बऱ्याच बँका असे चेक आता घेत नाहीत. २०२३ चे क्रेडिट परत करायलाही तेच खाते लागेल, आयआरएसच्या डायरेक्ट पे सेवेतून.

आता तो एजंट. पंचवीस टक्के म्हणजे नुसत्या फायकाच्या रकमेवर २,८०० डॉलरच्या वर, जवळजवळ अडीच लाख रुपये, काही फॉर्म भरायचे. पण पैशांचा मुद्दा मी दुसरा धरतो. त्याने बँकेचे लॉगिन मागितले. कुठल्याही कर सल्लागाराला ते लागत नाही, कधीच. खाते नंबर आणि राउटिंग नंबर (बँकेचा कोड) रिटर्नमध्ये लिहायचा असतो, तेवढा पुरतो. पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी नंबर आणि लॉगिन, तिन्ही एका अनोळखी माणसाच्या हातात गेले तर तो तुझ्या नावाने रिटर्न भरून पैसे आपल्याकडे वळवू शकतो. तुला मदत हवीच असेल तर ती जरूर घे, पण एक गोष्ट विचार: पैसे घेऊन रिटर्न तयार करणाऱ्याने त्यावर स्वतः सही करायची आणि आपला पीटीआयएन (रिटर्न तयार करणाऱ्याचा नोंदणी) नंबर लिहायचा, हे अमेरिकेत बंधनकारक आहे. जो म्हणतो ‘मी तयार करतो, सही तुम्हीच करा, माझे नाव नको’, त्याला दारातूनच परत पाठव. फी ठरावीक रकमेत ठरव, टक्क्यांत नाही. या एजंटला आधीच काही कागद पाठवले असतील तर बँकेचा पासवर्ड आज बदल आणि आयआरएसकडून आयपी पिन घे. हा सहा आकडी पिन दरवर्षी बदलतो आणि तो नसेल तर तुझ्या नावाने दुसऱ्याने भरलेले ऑनलाइन रिटर्न स्वीकारलेच जात नाही.

इथल्या कराचेही सांगायला हवे, कारण परतलेली मुले तिकडचे निस्तरताना इकडचे विसरतात. ऑगस्टमध्ये आलीस, म्हणजे मार्चअखेर तुझे भारतात १८२ पेक्षा जास्त दिवस भरतात. २०२५-२६ या आर्थिक वर्षात तू इथली रेसिडेंट आहेस. नव्याने परतलेल्यांना परदेशातल्या कमाईवर मिळणारी मधली सवलत तुला लागू होत नाही. त्यासाठी आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांपेक्षा जास्त राहिलेले नसावे लागते, आणि तू ऑगस्ट २०२१ पर्यंत इथेच होतीस. त्यामुळे एप्रिल ते जुलै २०२५ चा तुझा अमेरिकेतला पगार, सुमारे २४,००० डॉलर, इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागेल. त्यावर तिकडे भरलेल्या कराचे क्रेडिट फॉर्म ६७ भरून मिळते. इथे मुले चुकतात ती जागा नीट बघ. क्रेडिट पगारातून कापल्या गेलेल्या कराचे घ्यायचे नाही. १०४०-एनआर भरल्यावर जो अंतिम कर ठरतो त्याचे, आणि तेही या चार महिन्यांच्या वाट्याचे. तिकडून परतावा घ्यायचा आणि इकडे त्याच रकमेचे क्रेडिटही घ्यायचे, हे चालत नाही. क्रेडिट धरूनही इथे थोडा कर निघेल असा माझा अंदाज आहे. १५ मार्चच्या आत आगाऊ कर भरलास तर व्याज वाचेल. रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, शेड्यूल एफएमध्ये, तिकडचे बँक खाते लिहायला विसरू नकोस. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या अशा मालमत्तेसाठी, घर-जमीन सोडून, दहा लाखांचा जबर दंड लागत नाही, पण नोंद करायचीच असते. परत आलेला फायका आणि आयकर हे तुझे उत्पन्न नाही. त्यावर अमेरिकन सरकारने व्याज दिले तर ते व्याज तेवढे इथे दाखव.

बाबांची शेवटची शंका व्हिसाची. हक्काचा परतावा मागितला म्हणून कुणाचा व्हिसा अडत नाही. उद्या तू पुन्हा कामासाठी किंवा पीएचडीसाठी अर्ज केलास आणि जुनी रिटर्न मागितली गेली, तर अडचण येईल ती न भरलेल्या २०२४ ची आणि चुकीच्या २०२३ ची. ती दोन्ही आत्ता नीट होतील. सगळ्याच्या प्रती, पाठवल्याच्या पावतीसह, एका फायलीत ठेव आणि एक संच बाबांकडे दे.

२०२५ चा डब्ल्यू-२ आला की नाही, ते तू पत्रात लिहिलेले नाहीस. नोकरी सोडलेल्यांचा तो बहुधा जुन्या भाड्याच्या घरी जातो. पगार विभागाला सांगलीचा पत्ता आणि ई-मेल कळव आणि पीडीएफ मागून घे. मार्चच्या मध्यापर्यंत आलाच नाही, तर शेवटच्या पे-स्लिपवरचे वर्षभराचे आकडे घेऊन डब्ल्यू-२ ऐवजी फॉर्म ४८५२ जोडून रिटर्न भरता येते. म्हणून जुलैची ती पे-स्लिप कंपनीच्या पोर्टलवरून आजच उतरवून ठेव. नोकरी सोडलेल्यांचे लॉगिन कंपन्या काही महिन्यांनी बंद करतात.